सेकंड शिफ्टमधल्या ताईंना उत्तर

ताई,

'वयात येणारी मुलं आणि घर' या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. लगेच उत्तर दिलं असतं तर ते स्वतःची बाजू सावरणारं झालं असतं, म्हणून थांबले. बाकी वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. तुम्ही नाशिकच्या सिडकोत राहता, अंबडला कंपनीत सेकंड शिफ्टला असता, घरी यायला रात्रीचे बारा वाजतात. साहेब गाडीवर ड्रायव्हर, आठवड्यातले चार दिवस बाहेरगावी. मुलगा नववीत. परवा त्याच्या दप्तरात गुटख्याची पुडी सापडली. तुम्ही लिहिलंय, "रात्री मुलांसोबत जेवा म्हणजे मुलं बिघडत नाहीत, असं तुम्ही सांगता. म्हणजे दोष माझाच ना? शाळेसमोर टपरी चालते, नाशकात एमडीचे (मेफेड्रोन या अमली पदार्थाचे) कारखाने निघतात, ते सोडून आईला धरायचं. गंगापूर रोडवर बसून लिहायला काय जातं?"

मी गंगापूर रोडलाच राहते, शहराच्या सुखवस्तू भागात. एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, पण शिकवणाऱ्या बाईंना दुपारी घरी येता येतं, हे मी लिहिताना विसरले. जेवणाचं ते वाक्य चुकलंच. एकत्र जेवणाऱ्या घरांतली मुलं व्यसनांकडे कमी वळतात असं बऱ्याच पाहण्यांमध्ये दिसलंय. पण ज्या घराला रोज आठ वाजता एकत्र बसता येतं, त्या घरात वेळ, पैसा, स्वस्थता अशा आणखीही गोष्टी असतात. त्यातलं ताटाचं श्रेय किती हे वेगळं काढणं फार अवघड. मी सगळं श्रेय ताटाला देऊन टाकलं.

पण 'घराच्या हातात काही नसतं' इथपर्यंत मी तुमच्यासोबत येणार नाही.

2000 साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी एक जुना समज तपासून पाहिला. मुलं कुठे असतात, कोणासोबत असतात हे ज्या आईवडिलांना ठाऊक असतं, त्यांची मुलं कमी भरकटतात, हे तोवर सगळे मानत होते आणि त्याचा अर्थ 'लक्ष ठेवा, विचारत राहा, बंधनं घाला' असा लावत होते. स्टॅटिन आणि केर या दोघांनी साधा प्रश्न विचारला: आईवडिलांना हे ठाऊक होतं कसं? चौदा वर्षांच्या मुलांकडून आणि त्यांच्या पालकांकडून माहिती घेतल्यावर दिसलं, की पाळत ठेवून फारसं कळत नाही. बहुतेक माहिती मुलांनी आपणहून सांगितलेली असते. हे वाचलं तेव्हा मी नोकरीत होते, आणि मला माझंच घर दिसलं.

माझा मुलगा आठवीत असताना एका रात्री भांडी घासतेवेळी माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. क्लासच्या मागे मुलं सिगारेट ओढतात आणि मीही एक झुरका घेतला, असं म्हणाला. मी ओरडले नाही. शहाण्यासारखं वागले असंच मला तेव्हा वाटलं. पण दिवाळीला सगळे जमले असताना मी हे त्याच्या मामाला सांगितलं, चारचौघांत, आणि मामाने त्याला सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर दोन वर्षं त्या पोराने मला काहीही सांगितलं नाही. दहावीच्या सुट्टीत तो मित्राची गाडी घेऊन गंगापूर धरणाच्या रस्त्याला ट्रिपल सीट गेला आणि पडला. हात मोडला होता. त्याने फोन केला तो मित्राच्या भावाला. मला हॉस्पिटलमधून कळलं. मी घरी होते ताई, त्या अख्ख्या दुपारी मी घरीच होते.

म्हणून आता इतकंच म्हणते: आई किती तास घरात असते यापेक्षा, मुलाने पहिल्यांदा काहीतरी वाईट सांगितलं तेव्हा घरात काय झालं, याला जास्त वजन असतं. सेकंड शिफ्टच्या आईला ते सकाळच्या चहाला जमतं. तुमचा मुलगा शाळेत जाताना तुम्ही घरी असता, ती वीस मिनिटं बारीक नाहीत. फक्त ती 'अभ्यास झाला का, डबा घेतला का' यात संपवू नका.

याचा अर्थ नियम नकोत असा कोणी काढेल, म्हणून सांगते: नियम हवेतच. किती वाजता घरात, गाडीला हात लावायचा की नाही, हे स्पष्ट ठरलेलं हवं. 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला 25 हजार रुपये दंड आणि 3 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तरी कॉलेज रोडला संध्याकाळी उभं राहून पाहा. मिसरूड न फुटलेली पोरं गाड्या उडवत असतात, आणि चावी घरातूनच मिळालेली असते. तिथे मी घरालाच दोष देईन, गंगापूर रोडच्या घराला आधी.

आता टपरी आणि एमडी. इथे तुमचा राग रास्त आहे. ऑक्टोबर 2023 मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा आपण सगळेच हादरलो होतो. गुटख्यावर राज्यात 2012 पासून बंदी आहे आणि पुडी नववीच्या दप्तरात सापडते. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला 2003 च्या कायद्याने मनाई आहे, अठराच्या आतल्या मुलाला तर कुठेही विकता येत नाही. हे घराचं अपयश नाही.

पण घर आणि गाव वेगळं काढता येत नाही. आइसलँडचं उदाहरण मला म्हणूनच आवडतं. तिथे 1998 मध्ये पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी 42 टक्के मुलं महिन्याभरात एकदा तरी दारूने झिंगलेली होती. 2016 मध्ये ते प्रमाण 5 टक्क्यांवर आलं. त्यांनी मुलांना नुसती भाषणं दिली नाहीत. हिवाळ्यात सोळाच्या आतल्या मुलांनी रात्री दहानंतर बाहेर राहायचं नाही असा कायदा केला, खेळ आणि संगीतासाठी पैसे दिले, आणि पालकांनी आपसांत करार केले. शुक्रवारी-शनिवारी रात्री पालक गटागटाने आपल्या भागातून फेरी मारायचे. एकट्या आईवर कोणी काही टाकलं नाही. माझ्या लेखात हा भाग आधी यायला हवा होता.

एक गोष्ट मात्र आपल्याच घरांची आहे आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. शाळांतल्या तेरा ते पंधरा वयाच्या मुलांची 2019 मध्ये देशभर पाहणी झाली. 8.5 टक्के मुलं तंबाखू वापरत होती, आणि धूर नसलेली तंबाखू खाणाऱ्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी ती दहा वर्षांची व्हायच्या आतच चाखली होती. दहा वर्षांच्या मुलाला कॉलेजची संगत कुठली असणार? मला वाटतं आजोबांची पुडी आणायला दुकानात कोण जातं ते आठवावं. आजीच्या मिश्रीच्या डबीत बोट कोणी घातलं तेही. मी वर्गात विचारायचे, "मिश्री कोणाकडे आहे?" निम्मे हात वर व्हायचे, हसत. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसायचं.

तुम्ही शेवटी विचारलंय, आता पुडी सापडली, पुढे काय करू. त्याला मारलं असेल तर तसं सांगा त्याला, की मी चिडले होते. कोणी दिली, किती दिवस घेतोस, हे एकदाच विचारा आणि उत्तर यायला दोन दिवस लागले तर लागू द्या. साहेब आल्यावर त्यांना सांगायचं असेल तर आधी मुलाला कल्पना द्या. मामा-काकांना मुळीच नको. तोंड पूर्ण उघडतं का, गालात आत पांढरे चट्टे आहेत का, हे दातांच्या डॉक्टरांना दाखवा. सुपारीने तोंड आखडायला लागलं तर ते पूर्ववत होत नाही. सोडायला मदत हवी असेल तर 1800-11-2356 हा सरकारचा फुकट नंबर आहे, आणि सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' नावाची क्लिनिकं असतात. तिथे त्याला एकट्याला बोलू द्या, तुम्ही बाहेर थांबा.

आणि टपरीचा अर्ज मी लिहून ठेवते, शाळेला एक आणि पोलीस ठाण्याला एक. तुमची आठवड्याची सुट्टी कोणत्या दिवशी असते तेवढं कळवा. आपण दोघी मिळून देऊन येऊ.