वेग एसएसडीचा, मग लिनक्स कशासाठी? : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार,

जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत संगणकप्रणाली बसवण्याविषयीच्या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. आपण तालुक्याच्या गावी संगणकदुरुस्तीचे दुकान चालवता. आपले आक्षेप रोज समोर येणाऱ्या ग्राहकांच्या अडचणींतून आलेले आहेत, त्यामुळे त्यांना दोन ओळींत उत्तर देणे मला योग्य वाटले नाही. आपले म्हणणे थोडक्यात असे : लेखातील लॅपटॉप वेगवान झाला तो एसएसडीमुळे (हार्ड डिस्कच्या जागी बसवलेल्या, फिरते भाग नसलेल्या साठवणीमुळे), श्रेय मात्र लिनक्सला मिळाले, मराठी टायपिंग, प्रिंटर किंवा टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर अडले की ग्राहक आठ दिवसांत परत येतो आणि विंडोज मागतो, गावात लिनक्स जाणणारे कोणी नसते, आणि हार्डवेअरची तपासणी वगळून विंडोज ११ बसवता येत असताना हा सारा खटाटोप म्हणजे मोकळा वेळ असलेल्यांची हौस आहे.

वेगाबद्दलचे आपले निरीक्षण अचूक आहे. लेखातील यंत्र चौथ्या पिढीच्या कोअर आय-३ प्रोसेसरचे, ४ जीबी रॅमचे आणि मिनिटाला ५४०० फेरे घेणाऱ्या ५०० जीबी हार्ड डिस्कचे होते. फिरत्या तबकडीवर विखुरलेल्या जागांवरून माहिती वाचायची झाली, तर अशी डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास वाचने करू शकते. साधी एसएसडी तीच कामे हजारोंच्या संख्येने करते. विंडोज १० सुरू होताच अपडेट, विषाणू तपासणी आणि फायलींची सूची या तिन्ही गोष्टी एकाच वेळी डिस्ककडे धाव घेतात आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा वापर १०० टक्क्यांवर जाऊन बसतो, हे दृश्य आपण माझ्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा पाहिले असेल. त्याच जुन्या डिस्कवर मिंट बसवले असते तर थोडा दिलासा मिळाला असता, पण कायापालट झाला नसता. आणि एसएसडी घालून विंडोज १० पुन्हा बसवले असते तर तेही झटपट चालले असते. याबाबत आपल्यात मतभेद नाही.

मतभेद सुरू होतो तो यापुढे. लॅपटॉप संथ होणे आणि लॅपटॉपची मुदत संपणे हे दोन वेगळे आजार आहेत. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून त्यापुढे एका वर्षाच्या जादा सुरक्षा अपडेटची सोय दिली गेली, पण ती सोय म्हणजे तात्पुरती मुदतवाढ आहे. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (यंत्रातील सुरक्षा चिप) आणि इंटेलचा, मोजके अपवाद वगळता, आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे आपण एसएसडी घालून दिलेला चौथ्या पिढीचा लॅपटॉप वेगाने सुरू होईल, पण सुरक्षा अपडेट थांबल्यावर ज्या त्रुटी जगजाहीर होतील त्या त्याच्यावर कायमच्या उघड्या राहतील, आणि त्याच यंत्रावर ग्राहक नेट बँकिंग करील, आयकर विवरणपत्र भरील, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज भरील. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. यंत्राला मिळणारी ही वर्षे हेच लिनक्सचे खरे देणे आहे. वेगाचे श्रेय एसएसडीकडे गेले, म्हणून ही वर्षे कमी होत नाहीत.

रॅमबाबत एक पुस्ती जोडतो. मिंटची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती सुरू झाल्यावर साधारण एक जीबीच्या आसपास रॅम घेते, तर विंडोज १० त्याच अवस्थेत जवळपास दुप्पट घेते. ४ जीबीच्या यंत्रात हा फरक जाणवतो. मात्र ब्राउझरचे प्रत्येक पान दोन्हीकडे सारखेच खादाड असते, त्यामुळे शक्य तिथे ८ जीबी करावेतच. चौथ्या पिढीच्या लॅपटॉपना कमी व्होल्टेजची डीडीआर३एल रॅमच लागते, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. पण ऑनलाइन स्वस्त रॅम मागवून फसणाऱ्या वाचकांसाठी ते येथे नोंदवतो.

आता तपासणी वगळून विंडोज ११ बसवण्याविषयी. ते शक्य आहे, आणि चौथ्या पिढीच्या प्रोसेसरवर ते चालतेही. पण अशा यंत्रांना अपडेट मिळण्याचा हक्क राहणार नाही, अशी मायक्रोसॉफ्टची घोषित भूमिका आहे. प्रत्यक्षात मासिक अपडेट येत असले, तरी दरवर्षीची नवी आवृत्ती आपोआप येत नाही. कोणीतरी आयएसओ, म्हणजे विंडोज बसवण्याची फाइल, उतरवून, पुन्हा तपासणी वगळून, ती हाताने चढवावी लागते. २०२४ च्या २४एच२ आवृत्तीने प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपसीएनटी या सूचना असणे अनिवार्य केले आणि कोअर २ ड्युओच्या काळातील यंत्रे एका फटक्यात बाहेर पडली. तेथे कोणतीही युक्ती चालत नाही. लिनक्स हा खटाटोप आहे असे आपण म्हणता, परंतु दरवर्षी प्रत्येक ग्राहकाचा लॅपटॉप दुकानात आणवून हे सोपस्कार करणे हाही खटाटोपच आहे, आणि तो कधी निष्फळ ठरेल हे आपल्या हातात नाही. ‘ॲक्टिव्हेटर’ (परवाना न घेता विंडोज चालू करून देणारा प्रोग्राम) वापरून चालवलेल्या विंडोजबद्दल तर मी स्पष्टच लिहितो : जो प्रोग्राम चालवण्यासाठी आधी विषाणूरोधक बंद करावा लागतो, तो ग्राहकाच्या यंत्रावर चालवू नये. ग्राहकाने आपल्या दुकानावर टाकलेला विश्वास त्याहून मोलाचा आहे.

मराठी टायपिंगचा आपला आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण येथे दोन निराळ्या गरजा एकाच नावाखाली येतात. ज्यांना ईमेल, अर्ज, शाळेच्या सूचना, ग्रामपंचायतीचे पत्र किंवा स्वतःचे लेखन युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही यंत्रावर वाचता येणाऱ्या सर्वमान्य अक्षरसंकेतांत, करायचे आहे, त्यांची लिनक्सवर अडचण होत नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक प्रणालीतच असतो, तो कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडता येतो, आणि अक्षरांची मांडणी विंडोजवरील इन्स्क्रिप्टसारखीच असते : स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, ‘र’च्या कळीवर शिफ्टसह ‘ऱ’ आणि ‘ल’च्या कळीवर शिफ्टसह ‘ळ’. ज्याने एकदा हा कळफलक शिकून घेतला, त्याची बोटे दोन्हीकडे तशीच चालतात. ज्यांना रोमन अक्षरांवरून लिहिण्याची किंवा टंकलेखन यंत्राच्या रेमिंग्टन मांडणीची सवय आहे, त्यांनी आयबस-एम१७एन हे पॅकेज घालावे. त्यात मराठीसाठी रेमिंग्टन आहे आणि आपल्यापैकी अनेकांनी मराठी संकेतस्थळांवर वर्षानुवर्षे वापरलेली गमभन ही रोमन अक्षरांवरून लिहिण्याची पद्धतही आहे. लिबरऑफिसमध्ये मजकुराची भाषा मराठी ठेवली आणि नोटो देवनागरीसारखा फॉन्ट निवडला, तर ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे मराठी वळणाची उमटतात. छापील मराठीवर प्रेम असलेल्या माणसाला याचा आनंद होतो, निदान मला तरी होतो.

दुसरी गरज मात्र श्रीलिपीची आहे, आणि तेथे मी आपल्याशी पूर्ण सहमत आहे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकच्या या प्रणालीत आणि तिच्या काळातील इतर प्रणालींत अक्षरे युनिकोडच्या संकेतांनी न साठवता त्या त्या फॉन्टच्या स्वतःच्या संकेतांनी साठवलेली असतात. फॉन्ट नसेल तर लग्नपत्रिकेच्या फायलीत नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे दिसतात. जो छपाईवाला पेजमेकर किंवा कोरलड्रॉमध्ये पंचवीस वर्षांच्या फायली सांभाळून आहे, त्याच्या यंत्राला हात लावू नये. टॅलीबाबतही हेच. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या वाइन या सॉफ्टवेअरच्या आधारे ती चालवून दाखवणारे लोक आहेत, पण व्यापाऱ्याचे वर्षाचे हिशेब अशा आधारावर ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. मॅक्रो असलेल्या एक्सेल फायली, एक्सएफए प्रकारचे जुने पीडीएफ अर्ज आणि सेफ एक्झाम ब्राउझर मागणाऱ्या ऑनलाइन परीक्षा यांनाही हेच लागू आहे. आपल्याकडे परत आलेल्या ग्राहकांपैकी बरेचसे याच गटातील असावेत असा माझा अंदाज आहे. लिनक्स बसवण्याआधी त्यांना कामाचे स्वरूप विचारले असते, तर ते परत येण्याची वेळ आली नसती.

प्रिंटरचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. एचपीच्या बहुतेक प्रिंटरसाठी एचपीएलआयपी हे सॉफ्टवेअर मिंटमध्ये आधीच असते आणि गेल्या काही वर्षांतील वायफाय प्रिंटर वेगळ्या ड्रायव्हरशिवाय ओळखले जातात. याउलट, आपल्याकडे दुकानादुकानांत दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा कॅप्ट नावाच्या स्वतंत्र पद्धतीने संगणकाशी बोलतो. त्याचा लिनक्ससाठीचा ड्रायव्हर जुना आहे आणि बसवायला किचकट आहे. ज्या ग्राहकाकडे तो प्रिंटर आहे आणि रोज छपाई आहे, त्याला लिनक्सचा आग्रह करू नये. हे आधीच कळण्याचा मार्ग सोपा आहे : मिंट पेन ड्राइव्हवरूनच, काहीही न पुसता, चालवून पाहता येते. त्याच अवस्थेत चाचणीचे पान छापावे, वायफाय जोडावे, आवाज आणि कॅमेरा पाहावा, आणि झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का हेही पाहावे. ब्रॉडकॉमचे काही वायफाय संच वेगळा ड्रायव्हर मागतात. तेवढ्यापुरते मोबाइलचे इंटरनेट यूएसबीने द्यावे लागते.

एसएसडी बसवताना काढलेली जुनी डिस्क न पुसता, जशीच्या तशी, ग्राहकाच्या हाती द्यावी, असेही मी सुचवीन. तिच्यावर त्याचे विंडोज आणि सारे फोटो शाबूत असतात. मिंट नको झाले तर दोन स्क्रू फिरवून पूर्वस्थिती येते, आणि मिंट पसंत पडले तर तीच डिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत बसवून साठवणीसाठी वापरता येते. परतीचा मार्ग मोकळा आहे हे कळले, की ग्राहक नव्या प्रणालीकडे पुष्कळ शांतपणे पाहतो.

गावात जाणकार नाही, हा आपला आक्षेप खरा आहे, पण त्याचे उत्तर आपल्या दुकानातच आहे असे मला वाटते. केरळमध्ये शासकीय आणि अनुदानित शाळांतून गेली अनेक वर्षे मुक्त प्रणालीच वापरली जाते. काइट ही तेथील शासकीय संस्था उबुंटू या लिनक्स प्रणालीवर आधारलेली एकच आवृत्ती सर्व शाळांना पुरवते, शिक्षकांना तिचे प्रशिक्षण देते, आणि मुलांची संगणकाची पाठ्यपुस्तकेही त्याच प्रणालीवर बेतलेली आहेत. हौशी माणसांच्या बळावर एवढा पसारा चालत नाही. तो चालतो, कारण सर्वत्र प्रणाली एक आहे आणि शिकवणारा माणूस जवळ आहे. आपणही प्रत्येक ग्राहकाला वेगळी आवृत्ती देऊ नये. एक्सएफसीईची एकच आवृत्ती निवडावी, तिचीच अडचणी सोडवण्याची सवय करावी, आणि यंत्र सोपवताना ग्राहकासोबत थोडा वेळ बसावे : व्हॉट्सॲप वेब उघडून द्यावे, मराठी कळफलक बदलण्याची कळ दाखवावी, पासवर्ड टाकून त्याचे आधारचे पीडीएफ उघडून दाखवावे, अपडेटचे चिन्ह आले तर काय करायचे ते सांगावे. बायोसची नाण्यासारखी बॅटरीही त्याच वेळी बदलावी, कारण ती संपली की तारीख मागे जाते, ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला असुरक्षित ठरवतो आणि दोष विनाकारण लिनक्सच्या माथी येतो. या बसण्याचे पैसे आपण जरूर घ्यावेत. ते कसबी काम आहे.

यूट्यूबवर पंखा जोरात फिरतो, असेही आपण लिहिले आहे. चौथ्या पिढीच्या इंटेल ग्राफिक्समध्ये एच.२६४ प्रकारच्या चित्रफिती उलगडण्याची सोय हार्डवेअरमध्ये आहे, यूट्यूब मात्र ब्राउझरला सहसा व्हीपी९ या दुसऱ्या प्रकारच्या चित्रफिती पाठवते आणि तो सारा भार प्रोसेसरवर पडतो. ब्राउझरमध्ये h264ify हे, यूट्यूबकडून एच.२६४ मागवणारे विस्तारक घातले आणि चित्र ७२० वर ठेवले, तर बराच फरक पडतो. प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलण्याचे काम अर्थातच वेगळे.

राहिली आपल्या माळ्यावरची अगदी जुनी यंत्रे. ३२ बिटांचे प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर आता वेळ खर्च करू नये असे माझे मत आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन या लिनक्स प्रणालीच्या १३ व्या आवृत्तीने त्यांच्यासाठी इन्स्टॉलर देणे थांबवले आहे, आणि प्रणाली कशीबशी बसली तरी आजची संकेतस्थळे त्यांना पेलत नाहीत. त्यांच्यातील रॅम, चार्जर, पडदे उपयोगी पडतील ते काढून घ्यावेत, फुगलेल्या बॅटऱ्या आधी वेगळ्या कराव्यात, आणि उरलेले भंगारवाल्याऐवजी नोंदणीकृत ई-कचरा केंद्राकडे द्यावे. चौथ्या पिढीच्या आणि त्यापुढच्या यंत्रांबाबत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे. आपल्या दुकानात लिनक्सवर न चाललेल्या प्रिंटरची आणि वायफाय संचांची मॉडेल आपण येथेच कळवलीत, तर मूळ लेखाखाली त्यांची नोंद करतो, म्हणजे दुसऱ्या तालुक्यातील दुकानदाराला लॅपटॉप उघडण्याआधीच ग्राहकाला काय सांगायचे ते कळेल.