कंट्रोल-ई इतक्या आधी शिकवायला नको होतं

नमस्कार ताई,

फोटोशॉपमधल्या लेयरच्या, म्हणजे चित्राच्या एकावर एक ठेवलेल्या थरांच्या, शॉर्टकटवरच्या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, की शॉर्टकट पाठ झाले की मुलं न बघता बोटं चालवतात. तुमच्या क्लासमधल्या मुलीने लग्नपत्रिकेचे सगळे लेयर कंट्रोल-ई दाबून एक केले, फाइल सेव्ह करून बंद केली आणि दुसऱ्या दिवशी मुहूर्त बदलला. नवशिक्यांना माऊसच बरा, असं तुमचं म्हणणं.

चूक माझी आहे. कंट्रोल-ई मी अगदी सुरुवातीला दिलं आणि त्याने मजकुराचं चित्र होऊन बसतं, मग त्यातला काना-मात्राही बदलता येत नाही, हे सांगितलंच नाही. फाइल उघडी असेपर्यंत कंट्रोल-झेडने मागे जाता येतं, बंद केली की ती वाट संपली. फोटोशॉप ३.० मध्ये १९९४ साली लेयर आले ते याचसाठी, की एक भाग बदलताना बाकीच्याला धक्का लागू नये. आणि मी पहिल्यांदा शिकवलं काय, तर ते मोडायला! आता लेखात त्या जागी कंट्रोल-ऑल्ट-शिफ्ट-ई घातलंय. सगळ्यात वरचा लेयर निवडून ते दाबलं, की जे दिसतंय त्याची एकत्र प्रत वर तयार होते आणि खालचे लेयर होते तसेच राहतात. त्या मुलीला हे जरूर सांगा. तिला पत्रिका पुन्हा जुळवावी लागली, याचं मला खरंच वाईट वाटतंय.

पण माऊसचं पटत नाही. मेनूत जाऊन ‘मर्ज डाउन’ निवडलं असतं तरी हेच झालं असतं. उलट काही शॉर्टकट बघायलाच लावतात. पत्रिकेत गणपती, किनार, दोन्हीकडची नावं, स्थळ, सावल्या असे तीस-चाळीस लेयर सहज होतात. ऑल्ट धरून लेयरच्या यादीत एखाद्या लेयरशेजारच्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करा, तेवढाच पडद्यावर उरतो. पुन्हा केलं की सगळे परत. मूव्ह टूल, म्हणजे लेयर सरकवायचं साधन, हातात असताना कंट्रोल धरून थेट वधूच्या नावावर क्लिक केलं, की नेमका तोच लेयर निवडला जातो. आणि कशालाही हात लावण्याआधी कंट्रोल-जे दाबून लेयरची प्रत काढायची, म्हणजे मूळ लेयर शाबूत. मी शिकवायला बसलो तर पहिल्या दिवशी हे तीनच सांगेन.

एक अडचण मात्र मुलांना हमखास येते. कर्सर मजकुरात असताना व्ही दाबलं, तर मूव्ह टूल येत नाही, नावातच अक्षर उमटतं. आधी कंट्रोल-एंटर दाबून मजकुरातून बाहेर पडायचं.

तुमच्या काही संगणकांवर गिंप हे फोटोशॉपसारखंच मोफत सॉफ्टवेअर आहे म्हणालात. तिथे डोळ्यावर ऑल्टऐवजी शिफ्ट धरून क्लिक करायचं. लेयरच्या प्रतीसाठी कंट्रोल-शिफ्ट-डी. नुसतं कंट्रोल-डी दाबलं तर अख्ख्या चित्राचीच दुसरी प्रत उघडते. कंट्रोल-जे तिथे फक्त खिडकीचा आकार चित्राइतका करतं. दोन्ही वापरणाऱ्या मुलांसाठी वेगळा तक्ता या आठवड्यात टाकतो. टाकण्याआधी तुम्ही एकदा नजरेखालून घालाल का?