ग्रुप फुटला की बॅरल बदला? आधी हे तपासा

प्रेअरी डॉग टिपायला अमेरिकेत लोक हौसेने जड बॅरलची (नळीची) व्हार्मिंट रायफल, म्हणजे उपद्रवी लहान प्राणी टिपायची रायफल, बांधून घेतात. (प्रेअरी डॉग हा कुत्रा नव्हे, खारीच्या कुळातला, कुरणं पोखरणारा प्राणी.) मग एका शनिवारी ती रायफल शंभर यार्डांवर अर्ध्या इंचात गोळ्या घालते आणि पुढच्या शनिवारी दीड इंचात. कागदावरच्या भोकांचा हा पसारा म्हणजे ग्रुप; तो मोठा झाला की ग्रुप फुटला म्हणतात. अशा वेळी जो तो एकच सल्ला देतो: "चांगलं बॅरल तीन गोळ्यांत कळतं. एकदा अर्धा इंच आला म्हणजे रायफल अर्ध्या इंचाची. आता येत नसेल तर बॅरल गेलं. जाड बॅरलला बेडिंगने (रायफल स्टॉकमध्ये, म्हणजे दस्त्यात, कशी बसवली आहे त्याने) फरक पडत नाही, महागड्या स्कोपवर (दुर्बिणीवर) संशय नको. बॅरल बदला."

मी कोलोरॅडोत राहतो. हाच सल्ला ऐकून मी माझ्या .२२-२५० रेमिंग्टन काडतुसाच्या रायफलीचं बॅरल बदललं, आणि नवं बॅरलही हुबेहूब तसंच वागलं. म्हणून त्यातलं एकेक विधान घेतो.

"तीन गोळ्यांत कळतं." कळत नाही. रायफल तीच, काडतुसं तीच, हात तोच, तरी तीन गोळ्यांचे ग्रुप एकमेकांच्या दुप्पट-अडीचपट सहज निघतात. सरासरी पाऊण इंच असलेली रायफल काहीही न बिघडता कधी अर्धा इंच देईल, कधी सव्वा. अर्ध्या इंचाचा कागद आपण जपून ठेवतो आणि सव्वाचा फेकून देतो, मग "रायफल बिघडली" असं वाटू लागतं. दहा गोळ्यांचा ग्रुप त्याच रायफलीच्या तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने दीडपटीहून थोडा मोठा येतो, आणि रायफलीची खरी ओळख तोच देतो. एकाच बिंदूवर दहा झाडा, मध्ये बॅरल गार होऊ द्या, वाऱ्याची नोंद ठेवा. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५५ ग्रेनच्या (सुमारे साडेतीन ग्रॅमच्या) गोळीला शंभर यार्डांतच पाऊण इंचाच्या आसपास ढकलतो, आणि पूर्व कोलोरॅडोच्या माळावर दुपारी असा वारा रोजचाच. वेगवेगळ्या दिवसांचे दहा-दहाचे ग्रुप सारखे आले तर दुरुस्त करण्यासारखं काहीच नाही. हे तपासणं त्या प्राण्यासाठीही गरजेचं आहे, कारण अर्धवट लागलेला प्रेअरी डॉग बिळात जाऊन तडफडत मरतो.

"जाड बॅरलला बेडिंगने फरक पडत नाही." या एका वाक्याने माझं सर्वांत जास्त नुकसान केलं. जड बॅरल स्टॉकला न टेकता तरंगतं ठेवतात, म्हणजे त्याचं सगळं वजन पुढे लोंबकळतं आणि ते पेलतो बॅरल ज्यात बसतं तो मागचा धातूचा सांगाडा, म्हणजे एकटा अ‍ॅक्शन. तो स्टॉकमध्ये नीट बसला नसेल तर स्क्रू आवळताना वाकतो, आणि प्रत्येक झटक्यानंतर थोडा वेगळा बसतो. तपासायला डायल गेज, म्हणजे बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक, पुरतं. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं असल्याची खात्री करा, बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) बाहेर काढा. गेजचा चुंबकी स्टँड बॅरलवर लावा, टोक स्टॉकच्या पुढच्या भागाला टेकवा, काटा शून्यावर आणा आणि पुढचा अ‍ॅक्शन स्क्रू हळूहळू सैल करा. काटा दोन थाउच्या, म्हणजे इंचाच्या दोन हजारांशाच्या आत राहिला तर बेडिंग ठीक. माझ्या रायफलीवर तो सात थाउ सरकला. स्क्रू पूर्ण काढून उजेडात धरला तर टोकाची काळी झिलई एका बाजूने घासून पांढरी चकचकीत झालेली. स्क्रू किंचित लांब होता आणि बंद होताना बोल्टचा लग (पुढचा खुंट) त्याला घासत होता. टोक कानसलं, इपॉक्सीने नवं बेडिंग केलं, स्टॉकवाल्याने सांगितलेल्या टॉर्कला स्क्रू आवळले. दहा गोळ्या १.६ इंचांत जात होत्या, त्या पाऊण इंचात आल्या. मग मुद्दाम जुनं, "गेलेलं" बॅरल परत चढवून घेतलं. तेही पाऊण इंचच.

"महागड्या स्कोपवर संशय नको." स्कोप महाग असला तरी तो धरून ठेवतात चार छोटे स्क्रू. स्कोपखालच्या पुढच्या बेसचा (बैठकीचा) स्क्रू लांब असेल तर तो आत बॅरलच्या आट्यांना टेकतो. हाताला घट्ट लागतो, बेस मात्र सैलच. खात्रीचा दुसरा स्कोप चढवून दहा गोळ्या झाडल्या की उत्तर मिळतं. पॅरॅलॅक्सही (डोळा हलला की नेमाची खूण लक्ष्यावर सरकल्यासारखी दिसणं) त्याच वेळी जुळवून घ्या.

सल्ल्यात गोळी कोणती याचा उल्लेखच नाही, आणि ही मोठी चूक आहे. रेमिंग्टनने १९६५ साली .२२-२५० बाजारात आणलं तेव्हापासून त्याला बॅरलच्या आतल्या खाचांचा १४ इंचांत एक फेरा हा पीळ रूढ आहे. ५०-५५ ग्रेनच्या आखूड गोळ्यांना तो पुरतो, लांब गोळ्यांना पुरेलच असं नाही. इथे महत्त्व वजनापेक्षा लांबीला. शिवाय थंड हवा दाट असते, तिथे गोळी स्थिर ठेवायला जास्त पीळ लागतो. एम-१६ रायफलीचा पीळ १९६०च्या दशकात १४ वरून १२ इंचांवर आणला तो याच कारणाने. डेन्व्हरच्या विरळ हवेत उन्हाळ्यात जेमतेम सरळ जाणारी गोळी समुद्रसपाटीला जानेवारीत डगमगू शकते. कागदावरची भोकं बघा. ती लांबट दिसली तर बॅरलला दोष देण्याआधी गोळी बदला.

बॅरल खरंच दोषी असतं तेव्हा ते वेगळं वागतं. घसा, म्हणजे चेंबरपुढचा बॅरलचा भाग, जळत गेला की ग्रुप हळूहळू मोठा होत जातो आणि परत लहान होत नाही. तोंडाच्या कडेला, म्हणजे क्राउनला, ठेच लागली असेल तर त्या दिवसापासून सतत वाईट. चेंबरपुढे कार्बनचं कडं साचलं असेल तर नीट साफ केल्यावर सुधारणा दिसते. पण दोष आज आहे, उद्या नाही, परवा पुन्हा आहे, असं होत असेल तर गनस्मिथला फोन करण्याआधी डायल गेज काढा.