लिपी वेगळी, वर्णमाला वेगळी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. कोरियाच्या हंगुल लिपीला मी ‘जगातली सर्वांत विचारपूर्वक घडवलेली लिपी’ म्हटलं, ते तुम्हाला लागलं. तुमच्या मते हा मान देवनागरीचा आहे, कारण ती उच्चारस्थानांवर बेतलेली आहे आणि जशी लिहितो तशीच वाचतो. हंगुल आपल्यावरूनच उचलली, असंही तुम्ही लिहिलंय. देवनागरीवर माझाही जीव आहे, म्हणून जरा सविस्तर उत्तर देतो.

कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य ही मांडणी विलक्षण आहे, यात वादच नाही. पण ती वर्णमालेची मांडणी आहे, एकट्या देवनागरीची नाही. तीच कन्नडमध्ये आहे, तिबेटी आणि थाई लिपीत आहे, आपल्या मोडीतही होती. प्रातिशाख्यं, म्हणजे वेदांच्या उच्चारांचे प्राचीन ग्रंथ, रचणाऱ्यांनी तोंडातल्या हालचाली न्याहाळून ती बसवली, आणि देवनागरी आकाराला आली ती त्यानंतर हजारएक वर्षांनी.

आता अक्षरांच्या वळणाकडे बघा. कागदावर क, ख, ग, घ शेजारी शेजारी काढा. चारही कंठ्य, पण त्यांच्या आकारात सारखं असं काय आहे? प आणि फ यांचं नातं दिसतं, ते देवनागरीची पूर्वज असलेल्या अशोकाच्या ब्राह्मी लिपीतही दिसतं. पण अशा जोड्या मोजक्याच. त्या ब्राह्मीतला क म्हणजे चक्क अधिकचं चिन्ह. जीभ कुठे टेकते, हे त्यावरून कळायला मार्ग नाही.

हंगुलमध्ये ते कळतं. ‘न्’ म्हणा आणि जीभ तिथेच धरून ठेवा. शेंडा वर उचललेला, बाकीची जीभ खाली पसरलेली. बाजूनं पाहिलं तर सुताराच्या गुण्यासारखा काटकोन. हंगुलचा न तसाच आहे : एक उभी रेघ, तिच्या पायथ्यापासून उजवीकडे एक आडवी. वर आणखी एक आडवी रेघ द्या, त झाला. मधे अजून एक द्या, थ झाला. जागा तीच, म्हणून मूळ आकार तोच. उच्चाराचा जोर वाढला की रेघ वाढली. क चा आकार घशाकडे उचललेल्या जिभेचा, म चा चौकोन म्हणजे तोंड. हा माझा कल्पनाविलास नाही. राजा सेजोंगनं १४४६ मध्ये लिपी जाहीर केली तेव्हाच्या ग्रंथात हे स्पष्टीकरण दिलं आहे. त्या ग्रंथाची प्रत १९४० मध्ये हाती लागेपर्यंत ही अक्षरं दारं-खिडक्यांच्या जाळीवरून सुचली असावीत, असेही तर्क होत होते.

‘लिहितो तसं वाचतो’ याबद्दल एकच शब्द देतो : जग. ‘हे जग’ आणि ‘सुखानं जग’ मोठ्यानं म्हणून बघा. अक्षर एक, ज दोन. आपल्याला ते अर्थावरून कळतं, लिपीवरून नाही.

राहिला उचलण्याचा मुद्दा. त्यात तथ्याचा एक धागा आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. मंगोल सम्राट कुब्लाई खानासाठी एका तिबेटी लामानं घडवलेली फाग्स-पा लिपी १२६९ मध्ये लागू झाली. ती तिबेटीवरून निघाली, आणि तिबेटीचं मूळ ब्राह्मीत. हंगुलची काही व्यंजनं फाग्स-पावरून आली, असं गॅरी लेडयार्ड या अमेरिकन अभ्यासकानं मांडलं. ते सर्वमान्य नाही. पण मानलं तरी देवनागरी त्या वाटेवर कुठेच लागत नाही. फार तर चुलत नातं.

त्याहून पक्की गोष्ट वेगळीच आहे. बौद्ध ग्रंथांबरोबर सिद्धम् ही ब्राह्मीतून निघालेली भारतीय लिपी आणि आपलं उच्चारशास्त्र चीनमध्ये गेलं, आणि चिनी पंडितांनी व्यंजनांची ओठ, जीभ, दात, घसा अशी वर्गवारी केली त्यावर त्याची छाप पडली. सेजोंगनं अभ्यासलं ते हेच चिनी ध्वनिशास्त्र. जपानी मुलं आजही आपली अक्षरं आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा या क्रमानं घोकतात. क नंतर च-वर्गाच्या जागी स, मग त, न, ओठांचे वर्ण, आणि शेवटी य, र, व. आपलाच क्रम आहे हा! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी किती तरी वेळ तो तक्ता बघत बसलो होतो. आकार नेला नाही कुणी, विचार नेला.

मूळ लेखात मी फाग्स-पाचं नावही घेतलं नव्हतं आणि हा सगळा प्रवास गाळला होता. तिथे तुमची तक्रार रास्त आहे. आज रात्री तो परिच्छेद जोडतो.