कळलावीचा कंद: फिरणारा संदेश आणि वस्तुस्थिती

पावसाळ्यात कुंपणांवर आणि रानाच्या कडेला कळलावीचा वेल लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुले घेऊन चढू लागला की त्याच्याविषयीचा एक संदेशही हिंडू लागतो. त्याचा मथितार्थ असा: कळलावीचा कंद वाटून गर्भवतीच्या बेंबीवर लेप दिल्यास किंवा थोडा पोटात दिल्यास बाळंतपण सुखरूप होते, त्याच कंदाच्या रसाने संधिवात बरा होतो आणि सापाचे विषही उतरते, शिवाय ही वनस्पती नैसर्गिक असून आयुर्वेदात सांगितलेली असल्यामुळे तिच्यापासून अपाय होत नाही.

यातला शेवटचा दावा आधी तपासायला हवा, कारण बाकीचे सारे त्याच्याच आधारावर उभे आहेत. आयुर्वेदात कळलावी आहे, हे खरे. नांगरासारख्या वाकड्या कंदावरून तिला तेथे ‘लांगली’ म्हटले आहे. पण रसशास्त्राने, म्हणजे खनिजे व विषारी द्रव्ये यांपासून औषधे बनवण्याच्या आयुर्वेदातील शाखेने, तिची गणना रुई, धोतरा, कण्हेर आणि गुंज यांच्यासोबत उपविषांत, म्हणजे दुय्यम विषांत, केली असून गोमूत्रात शोधन (विषारीपणा कमी करण्याची प्रक्रिया) केल्यानंतरच ती वापरण्यास सांगितले आहे. आजच्या औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील अनुसूची ई(1) मध्ये, म्हणजे आयुर्वेदादी पद्धतींतील विषारी द्रव्यांच्या यादीतही, लांगलीचे नाव आहे आणि अशा द्रव्यापासून बनवलेल्या पोटात घेण्याच्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापणे बंधनकारक आहे. संदेश लिहिणाऱ्याने परंपरेचा दाखला घेतला आणि परंपरेने त्याला जोडलेला इशारा मात्र गाळला.

बाळंतपणाच्या दाव्यामागे नावाची व्युत्पत्ती आहे: कळा लावते ती कळलावी. (घरात आणली तर भांडणाची कळ लावते, हा तिचा दुसरा लौकिक निदान निरुपद्रवी तरी आहे.) परंतु भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात तिच्या पर्यायनामांत ‘गर्भनुत्’ आणि गुणवर्णनात ‘गर्भपातिनी’ हे शब्द येतात. जिला ग्रंथ गर्भ पाडणारी म्हणतात, तिचा कंद गर्भवतीच्या पोटात देण्याचा सल्ला त्याच ग्रंथांच्या नावावर खपवणे अनाकलनीय आहे. लेपाबद्दल बोलायचे तर तो दिल्याने प्रसूती सुलभ होते याला भरवशाचा पुरावा नाही, आणि मूल आडवे असेल किंवा डोके अडकले असेल तर लेप वाळण्याची वाट पाहण्यात गेलेला वेळ बाळंतिणीच्या जिवावर बेततो.

संधिवाताच्या दाव्यात मात्र सत्याचा अंश आहे, आणि म्हणूनच तो अधिक घातक आहे. कळलावीच्या कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे अल्कलॉइड (वनस्पतीतील तीव्र परिणामाचे रासायनिक द्रव्य) असते. ते गाऊट, म्हणजे युरिक अॅसिडचे स्फटिक साठून होणाऱ्या सांधेदुखीवरचे मान्यताप्राप्त औषध आहे, आणि ते काढण्यासाठी तमिळनाडूत या वेलाची शेतीही होते. पण झिजेमुळे होणाऱ्या गुडघेदुखीवरचा तो इलाज नव्हे. शिवाय कारखान्यात बियांमधून हे द्रव्य वेगळे काढून, मोजून, जेमतेम अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत घातले जाते. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे सुमारे 0.8 मिलिग्रॅमच्या पुढे मात्रा गेली तर रुग्ण वाचणे फार कठीण होते, आणि त्याहून कमी मात्रेनेही मृत्यू झालेले आहेत. कंदात त्याचे प्रमाण किती असेल, हे जागेनुसार आणि वाढीच्या अवस्थेनुसार बदलते. पाट्यावर वाटणाऱ्याला ते कळण्याचा कोणताही मार्ग नाही. उकळल्याने विष जाते, ही समजूतही चुकीची आहे, कारण कोल्चिसीन शिजवण्याच्या उष्णतेने नाहीसे होत नाही.

सर्पदंशावर प्रतिसर्पविष हाच उपचार आहे आणि तो रुग्णालयात मिळतो. कंदाच्या रसाने एका विषात दुसऱ्याची भर पडते, याहून अधिक लिहिण्याची गरज नाही.

‘आमच्याकडे खाल्ला, काही झाले नाही’ असा अनुभव संदेशाखाली कोणीतरी जोडतोच. कोल्चिसीन पेशींच्या विभाजनाला लागणारी सूक्ष्मनलिकांची रचना होऊ देत नाही, त्यामुळे त्याची विषबाधा टप्प्याटप्प्याने उघड होते. पहिले काही तास माणूस ठीक वाटतो, मग उलट्या आणि जुलाब सुरू होतात, आणि ते ओसरत आहेत असे वाटत असतानाच अस्थिमज्जा, मूत्रपिंडे व हृदय निकामी होऊ लागतात. जे वाचतात त्यांचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात; तेव्हाच्या सिलोनमधील (आताच्या श्रीलंकेतील) अशाच एका रुग्णाचा वृत्तान्त 1966 मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला होता. तेथे रताळे समजून कळलावीचा कंद खाल्ल्याच्याही घटना घडल्या आहेत. या विषावर सहज उपलब्ध असलेला उतारा नाही आणि डायलिसिसनेही ते रक्तातून फारसे निघत नाही, म्हणून कंद पोटात गेल्याचे कळताच, त्रास सुरू होण्याआधी, रुग्णाला रुग्णालयात न्यावे आणि उरलेला तुकडा व वेलाचे पान-फूल सोबत न्यावे. काही भागांत कळलावीलाही बचनाग म्हणतात, तर इतरत्र हेच नाव वत्सनाभ या दुसऱ्या विषारी वनस्पतीचे आहे. वत्सनाभाचे विष वेगळे असून ते थेट हृदयाची लय बिघडवते, त्यामुळे नुसते नाव सांगितल्याने डॉक्टरांचा गोंधळ होण्याचीच शक्यता अधिक.