‘जुन्या गाडीला जुन्याच नक्षीचा टायर’: त्या मेसेजमधलं एकेक वाक्य

सोलापुरातल्या बुलेट, येझदी आणि अ‍ॅव्हेंजरवाल्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरून फिरून येतोय. ‘अनुभवी मिस्त्रीचा सल्ला, सेव्ह करून ठेवा’ अशी सुरुवात. पुढे जे लिहिलंय ते थोडक्यात असं: क्लासिक गाडीला व्हिंटेज नक्षीचाच टायर घाला, कारण तो जुन्या कडक रबराचा असतो आणि पन्नास हजार किलोमीटर जातो. मागे मावेल तितका रुंद टायर घाला, पकड वाढते. पांढऱ्या पट्टीचा घेतला तर आपल्या उन्हात टायर थंड राहतो. उन्हाळ्यात हवा पाच पौंड कमी ठेवा, नाहीतर फुटेल. गोडाऊनमध्ये पडलेला जुना माल मिळाला तर सोडू नका, न वापरलेल्या टायरला वय नसतं. ‘ट्यूबलेस’ लिहिलेला टायर स्पोकच्या चाकाला चालत नाही. आणि पुढचा-मागचा एकाच साइजचा असेल तर कुठलाही कुठेही बसवा.

लिहिणाऱ्याचा गाडीवर जीव आहे, हे कबूल. पण टायर घेताना नक्षी सगळ्यात शेवटी बघायची असते आणि हा मेसेज नेमका तिथूनच सुरू होतो. साइज, वजनाचा आकडा, वेगाचं अक्षर, तारीख हे सगळं टायरच्या बगलेवर छापलेलं असतं. त्याबद्दल मेसेजमध्ये एक अक्षर नाही.

‘व्हिंटेज नक्षी म्हणजे जुनं कडक रबर, म्हणून जास्त टिकतं’

नक्षी साच्यातून येते, रबर मिश्रणातून. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटनूगा गावची कोकर टायर ही १९५८ सालची कंपनी. फायरस्टोनच्या नावाने जुन्या ढंगाचे टायर काढण्यासाठीच ती ओळखली जाते. जुन्या हार्लेवर जे चौकोनी खांद्याचे, जाड नागमोडी नक्षीचे टायर फोटोत दिसतात ते बहुधा हेच. पण १९३०-४० च्या काळात टायरच्या पोटात सुती दोरा असायचा. आजच्या टायरमध्ये नायलॉन किंवा पॉलिस्टर असतो. म्हणजे दिसायला आजोबांच्या काळातला असला तरी आतून तो आजचाच माल आहे. कोरियाची शिंको ही कंपनीसुद्धा जुन्या ढंगाचे टायर काढते आणि तेही आजच्याच कारखान्यात.

आता टिकण्याचं. रबर रस्त्याला धरतं तेव्हाच ते झिजतं. अजिबात न झिजणारा टायर म्हणजे अजिबात न धरणारा टायर. आपल्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकते ती तिच्यातला ओलावा गेल्यामुळे. टायरच्या रबरातला मऊपणा असाच गेला तर तोही टिकेल खुशाल, पण जूनच्या पहिल्या सरीत सात रस्ता चौकात ब्रेक दाबल्यावर काय होतं ते बघायला मी मागच्या सीटवर बसणार नाही. उन्हाळाभर साचलेली धूळ, ऑइलचे थेंब आणि वरून पाचच मिनिटांचा पाऊस. वर्षातला सगळ्यात घसरडा रस्ता तो.

नक्षीचा खरा परिणाम कुठे होतो, ते मेसेज सांगतच नाही. पुढच्या चाकाला लांब सरळ रेघांचा रिब टायर ही जुन्या बुलेटची ओळख. डांबरावर तो गाडी सरळ ठेवतो, हँडल हलकं वाटतं. पण गाळपाच्या हंगामात उसाचे ट्रॅक्टर शेतातली काळी माती चाकांना घेऊन मोहोळ-पंढरपूर भागातल्या रस्त्यांवर येतात, ती माती जरा ओली झाली की त्या रेघा भरून जातात आणि रिब टायर मग जवळजवळ टकलाच. चौकोनी खांद्याच्या फायरस्टोन ढंगाच्या टायरची अडचण वेगळी. हैदराबाद हायवेला सरळ जायला तो मस्त, पण तुळजापूरच्या घाटात गाडी वळणाला झुकवली की सपाट भागावरून कडेवर येताना एक पायरी उतरल्यासारखं वाटतं. गोल पाठीच्या टायरला ती पायरी नसते. घाट क्वचितच करत असाल आणि गाडी मुख्यतः रविवारी सकाळी बाहेर काढायची असेल तर चौकोनी खांदा घ्या, छान दिसतो. रोज होटगी रोडने कामाला जाणाऱ्याने घेऊ नये, असं माझं मत.

‘मागे मावेल तितका रुंद’

हे वाक्य सगळ्यात लोकप्रिय आणि सगळ्यात महागात पडणारं.

टायरचा जमिनीला टेकलेला भाग किती मोठा, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: त्यावर वजन किती आणि आत हवेचा दाब किती. वजन तेच, हवा तेवढीच, तर टेकलेला भागही साधारण तेवढाच राहतो. रुंद टायरने फक्त त्याचा आकार बदलतो, आडवा पसरतो. त्यातून रिम जुनीच ठेवून टायर रुंद घातला तर आणखी बिघडतं. जुन्या बुलेटच्या चाकाला बहुतेक डब्ल्यूएम२ म्हणजे १.८५ इंच रुंदीची रिम असते. तिच्यावर ३.२५ इंची टायर नीट बसतो, ३.५० चालतो. त्याच रिमवर १२० मिलिमीटरचा टायर चढवला की त्याच्या दोन्ही कडा आत आवळल्या जातात, पाठ मध्येच टोकदार होते आणि ज्या पकडीसाठी पैसे घातले तीच कमी होते. शिवाय चेन, मडगार्ड आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) घासतात ते वेगळंच.

उंचीचाही हिशोब करून बघा. ३.२५-१९ चा, म्हणजे ३.२५ इंच रुंद आणि १९ इंची रिमचा, टायर कागदावर साधारण ६४८ मिलिमीटर उंच होतो. नव्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० च्या मागचा १२०/८०-१८ (१२० मिलिमीटर रुंद, बगलेची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १८ इंची) साधारण ६४९. रुंदी, रिम, नंबर सगळं वेगळं, पण उंची जवळजवळ तीच! हा योगायोग असो की नसो, मला भारी आवडतो. आता १२०/८० च्या जागी हौसेने १३०/८०-१८ घातला तर उंची ६६५ होते, म्हणजे अडीच टक्क्यांनी वाढ. तेवढंच गिअरिंग बदललं, आणि स्पीडोमीटर मागच्या चाकावरून चालत असेल तर त्याचा काटाही तेवढाच मागे.

अ‍ॅव्हेंजरवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. २२० च्या मागे १३०/९०-१५ असतो. परदेशी क्रूझरचे जुन्या ढंगाचे सुंदर टायर १३०/९०-१६ मध्ये भरपूर निघतात. आकडा वाचताना शेवटचा इंच नजरेतून सुटतो, टायर घरी येतो आणि रिमवर चढत नाही.

आणि उलटी चूकही होते: जुन्या लूकसाठी मागे बारीक टायर. इथे वजनाचा आकडा कामाला येतो. साइजपुढे ‘५४पी’ असं काहीतरी छापलेलं असतं. ५४ म्हणजे २१२ किलो, पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर. क्लासिक ३५० चं वजन १९५ किलो. त्यावर दोन माणसं आणि बॅगा धरा, साडेतीनशे सहज ओलांडतात आणि त्यातलं निम्म्याहून बरंच जास्त मागच्या चाकावर येतं. म्हणजे जोडीने अक्कलकोटला निघालात तर मागचा ५४ चा टायर अगदी काठावर. ६२ चा असेल तर २६५ किलो, निर्धास्त. दुकानात नक्षीवरून बोट फिरवण्याआधी हा आकडा वाचा.

‘पांढरी पट्टी टायर थंड ठेवते’

अर्ध सत्य इथे आहे. गाडी उन्हात उभी असताना पांढरा भाग काळ्यापेक्षा कमी तापतो. पण चालत्या टायरची मुख्य उष्णता आतून येते. प्रत्येक फेरीत टायर जमिनीवर दबतो आणि सुटतो, त्या वाकण्याने रबर तापतं. बाहेरून पट्टी कुठल्या रंगाची आहे, याचं त्याला काही पडलेलं नाही.

मुळात टायर काळा असतो तो कार्बन ब्लॅकमुळे. त्याने रबर झिजायला चिवट होतं आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासूनही वाचतं. पांढऱ्या रबराला ते कवच नाही. म्हणून चांगल्या कंपनीची पांढरी पट्टी म्हणजे कारखान्यातच टायरसोबत भाजून एकजीव केलेलं वेगळं पांढरं रबर असतं. नवा टायर येतो तेव्हा त्या पट्टीवर बहुतेक वेळा निळसर थर असतो, तो पाण्याने धुवून काढायचा असतो. आपल्याकडे ‘व्हाइटवॉल’ म्हणून जे खपतं त्यातलं बरंचसं साध्या टायरला फासलेला ऑइलपेंट असतो. नखाने कड उचलून बघा, पापुद्रा निघतो. पेंटमधला थिनर रबराला लागतो आणि वाकताना पट्टीवर भेगा पडतात. रिम आणि टायरच्या मध्ये खोचायच्या पांढऱ्या रबरी कड्याही मिळतात, त्या चालताना बगल घासत राहतात. लग्नाच्या वरातीपुरतं ठीक. पंढरपूरला जायला नको.

आणि पट्टी पिवळी पडली म्हणून पेट्रोलने पुसू नका. साबण, पाणी आणि मऊ ब्रश.

‘उन्हाळ्यात हवा पाच पौंड कमी’

हा सल्ला नुसता चुकीचा नाही, धोक्याचा आहे, आणि सोलापूरसारख्या एप्रिल-मेमध्ये बेचाळीस-चव्वेचाळीसला जाणाऱ्या गावात दुप्पट धोक्याचा. हवा कमी म्हणजे टायर जास्त दबतो, जास्त दबला की जास्त तापतो. टायर फाटण्याची जी भीती घालून हवा कमी करायला सांगितलंय, ती गोष्ट कमी हवेनेच घडते.

गरम झाल्यावर हवा वाढते हे खरंच आहे. थंड असताना ३० पौंड भरली आणि टायर ३० अंशांनी तापला तर ती ३४ च्या आसपास जाते. कंपनीने दिलेला आकडा ही वाढ धरूनच दिलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. म्हणून सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी बघा. दुपारी हायवेवरच्या पंपावर तापलेल्या टायरमध्ये ३४ दिसले म्हणून ३० पर्यंत हवा सोडली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती २६ असते. मागे माणूस बसणार असेल तर मॅन्युअलमधला मागच्या चाकाचा वेगळा आकडा बघा.

‘पडून राहिलेल्या मालाला वय नसतं’

असतं, आणि ते छापलेलं असतं. बगलेवर लंबगोलात चार आकडे शोधा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. माझ्या एका मित्राने येझदीसाठी ३.२५-१६ ची ‘कोरी, पॅक’ जोडी घेतली, प्लास्टिकसकट. त्यावर ४११३ होतं. २०१३ चा एकेचाळिसावा आठवडा. टायर दोन्ही हातांनी जरा उलटा वाकवला तर वरून चकचकीत दिसणाऱ्या नक्षीच्या तळाशी केसासारख्या भेगा उघडल्या. आणि पत्र्याच्या शेडमधल्या सोलापुरी उन्हाळ्यांचा हिशोब कुठेच छापलेला नसतो.

गंमत अशी की चालता टायर या बाबतीत पडून राहिलेल्यापेक्षा बरा. रबरात भेगा रोखणारं रसायन घातलेलं असतं, ते टायर वाकत राहिला की हळूहळू पृष्ठभागावर येतं. पडून राहिलेल्या टायरमध्ये ते नीट वर येत नाही. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासा आणि दहा वर्षांनंतर दिसायला चांगला असला तरी काढा, असं मोठ्या टायर कंपन्याच सांगतात.

परदेशी व्हिंटेज टायर इथे दुर्मिळ का, हेही यात येतं. जून २०२० मध्ये केंद्राने नव्या टायरची आयात मुक्त यादीतून काढून परवान्याखाली आणली, मोटरसायकलचे टायरही त्यात आले. त्याआधीपासूनच आयएसआय चिन्हाची सक्ती आहे. म्हणून कुणी ‘इम्पोर्टेड, शेवटचा पीस’ म्हणून चढ्या भावाने देत असेल तर आधी ते चार आकडे बघा, मग आयएसआय चिन्ह. यातलं एक जरी दिसत नसेल तर नक्षी कितीही सुंदर असली तरी टायर परत द्या.

‘स्पोकच्या चाकाला ट्यूबलेस चालत नाही’

साइज बरोबर असेल आणि कंपनीने मनाई केली नसेल तर चालतो, फक्त आत योग्य मापाची ट्यूब हवी. ट्यूबशिवाय नाही, कारण साध्या स्पोकच्या चाकात निपलांतून, म्हणजे स्पोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांतून, हवा जाते. नव्या टायरबरोबर ट्यूब आणि निपलांवरची रबरी पट्टीही नवीच घ्या. ताणलेली जुनी ट्यूब नव्या टायरमध्ये घडी पडून चिरते. टायरच्या आतल्या बाजूला कागदी स्टिकर चिकटवलेला असेल तर तो सोलून काढा. तोच ट्यूब घासत राहतो आणि मग पंक्चरवाला खिळा शोधत बसतो.

‘एकच साइज असेल तर कुठलाही कुठेही’

जुन्या बुलेटला पुढे-मागे ३.२५-१९, बऱ्याच जुन्या येझदींना दोन्हीकडे ३.२५-१६, त्यामुळे हा मोह होतोच. पण पुढच्या टायरवर ब्रेकचा जोर पडतो, मागच्यावर इंजिनाचा, आणि हे दोन जोर एकमेकांच्या उलट दिशेने. रिब टायर मागे घातला तर इंजिनाच्या जोराला धरायला नक्षीत आडवं काहीच नाही. दोन्हीकडे चालणारा म्हणून कंपनीने विकलेला टायर असेल तर त्यावर बहुतेक दोन बाण असतात, ‘फ्रंट’ आणि ‘रिअर’, दोन वेगळ्या दिशांचे. चाक बसवून नट आवळण्याआधी मिस्त्रीला तो बाण दाखवा. आवळून झाल्यावर चाक परत उघडायला सांगितलं तर आपल्याकडचा कुठलाही मिस्त्री आधी चहा मागवतो.