पिएर दोर्मय लूजचा खेळाडू नव्हता

‘फ्रान्सच्या पिएर दोर्मयने १९२८च्या ऑलिम्पिकमध्ये लूज खेळलं,’ असं फिरतंय. ते चूक आहे. लूज ऑलिम्पिकमध्ये आलं १९६४ साली, इन्सब्रुकला. १९२८ला स्वित्झर्लंडमधल्या सेंट मॉरिट्झला दोर्मय उतरला तो स्केलेटनमध्ये, क्रेस्टा रन या बर्फाच्या घसरणीच्या मार्गावर.

दोन्ही घसरगाड्यांचेच खेळ, म्हणून घोळ होतो. लूजमध्ये उताणं झोपून पाय पुढे. स्केलेटनमध्ये पालथं, डोकं पुढे. हनुवटीखालून बर्फ सपासप मागे पळतो. क्रेस्टावर तर बुटांच्या टोकांना लोखंडी दाते असतात, ते बर्फात रुतवून वेग आवरायचा! एवढी जोखीम घेणाऱ्या माणसाचा निदान खेळ तरी बरोबर लिहा.

आणखी एक: फ्रान्समध्येच झालेल्या १९९२च्या आल्बेरव्हिल ऑलिम्पिकमध्ये स्केलेटन नव्हतं. १९४८नंतर ते थेट २००२मध्ये परतलं.